अण्णांच्या गाड्या

धाराशिवच्या बाजारपेठेत भुसार मालाचा व्यापार करणाऱ्या अण्णांच्या घरी दिवाळीच्या वहीपूजनाला दुकानाच्या वह्यांबरोबर आणखी एक वही पाटावर ठेवली जाते. तीही लाल कापडी बांधणीची, लांबट आणि खतावणीसारखी उघडणारी. पहिल्या पानावर टपोऱ्या अक्षरांत ‘गाडीखाते’ असे लिहिलेले असून खाली १९७१ हे साल आहे. तेव्हापासून अण्णांनी चालवलेल्या प्रत्येक गाडीची खरेदी, पेट्रोल, ऑईल, टायर, सुटे भाग आणि दुरुस्ती यांचा खर्च तीत नोंदलेला आहे. घरातील मंडळी या वहीला थट्टेने ‘अण्णांची दुसरी पेढी’ म्हणतात. या पेढीवर कधी नफा झाला नाही, हे अण्णांनाही मान्य आहे.

पहिली गाडी हौसेपोटी आलेली नव्हती. त्या काळी धाराशिव शहरात रेल्वे नव्हती. बार्शी लाईटची छोटी गाडी येडशीवरून लातूरकडे निघून जाई. खेड्यांकडे जाणाऱ्या एस.टी.च्या दिवसाकाठी मोजक्या फेऱ्या असत. दुकानाची उधारी मात्र तेर, ढोकी, लोहारा, सास्तूर, नळदुर्ग अशी दूरवर पसरलेली. सुगी संपली की वसुलीला निघायचे आणि सूर्यास्तापूर्वी जेवणाला घरी पोहोचायचे, हे सायकलवर जमण्यासारखे नव्हते. म्हणून अण्णांच्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, बार्शीच्या एका कापड व्यापाऱ्याकडून जुनी राजदूत घेतली. अण्णा तेव्हा १९ वर्षांचे होते.

राजदूत फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीची. तिचा मूळ नमुना पोलंडमधील. १७३ सी.सी.चे टू-स्ट्रोक इंजिन, तीन गिअर आणि कोणत्याही पाणंदीतून वाट काढणारी चाके. दूधवाल्यांनी आणि शेतकऱ्यांनी ती डोक्यावर घेतली होती, कारण दोन कॅन आणि एक माणूस सहज वाहून नेई. अण्णांना मात्र तिचा स्वभाव कळायला एक नुकसान सोसावे लागले. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणासाठी वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्येच ठरलेल्या मापाने ऑईल मिसळावे लागते. एकदा घाईत पेट्रोल भरले आणि ऑईल राहून गेले. तेरच्या रस्त्यावर इंजिनाचा आवाज आधी कोरडा झाला, मग चिरका झाला आणि पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून मागचे चाक जागीच थांबले. अण्णा पडले नाहीत. पण भर उन्हात गाडी ढकलत परत यावे लागले.

एस.टी. स्टँडजवळ एका वयस्कर मिस्त्रींचे छोटेसे दुकान होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचांनी गाडी खोलली, ओरखडे उठलेला पिस्टन अण्णांच्या हातात दिला आणि विचारले, “बंद पडायच्या आधी आवाज बदलला होता ना? मग थांबला का नाहीस?” अण्णांकडे उत्तर नव्हते. चाचांनी एक लांब पेंचकस घेतला, शेजारच्या चालू गाडीच्या इंजिनावर त्याचे टोक टेकवले आणि मूठ अण्णांच्या कानाला लावली. इंजिनाच्या पोटातला एकेक भाग वेगवेगळा बोलत असल्यासारखा अण्णांना ऐकू आला. “आधी ऐकायचं, मग पाना हातात घ्यायचा,” चाचा म्हणाले.

ही शिकवण अण्णांना परकी वाटली नाही. भुईमुगाची शेंग कानाशी हलवून दाणा किती वाळला हे सांगणारे दादा त्यांनी लहानपणापासून पाहिले होते. तूर ओंजळीतून पाटीत सोडली की ती कोरडी आहे की ओलसर, हे दादा तिच्या खळखळाटावरून ओळखत. वसुलीला गेल्यावरही त्यांचा एकच नियम असे: समोरचा माणूस काय सांगतो यापेक्षा कोणत्या आवाजात सांगतो ते ऐकायचे. १९७२ च्या दुष्काळात अण्णा एकदा लोहाऱ्याकडून रिकाम्या हाताने परतले. दादांनी रकमेबद्दल काही विचारले नाही. “माणूस कसा बोलला?” एवढेच विचारले. “त्याचा आवाज बसला होता,” अण्णा म्हणाले. दादांनी त्या वर्षीच्या वसुलीच्या फेऱ्या थांबवल्या. गाडीखात्यात १९७२ चे पान म्हणूनच जवळजवळ कोरे आहे.

तरीही मुलाने दर रविवारी गाडी खोलून बसावे, हे दादांना बरीच वर्षे रुचले नाही. “आपण व्यापारी माणसं. हात काळे करायचे ते कशाला?” असे ते म्हणत. अण्णा उत्तर देत नसत. रॉकेलच्या डब्यात सुटे भाग धुऊन ते जुन्या धोतराच्या फडक्यावर ओळीने मांडत आणि सायंकाळच्या जेवणाआधी हात घासघासून स्वच्छ करत. पुढे एकदा दुकानाचा तराजू अडकला, तेव्हा तो अण्णांनी तासाभरात मोकळा करून दिला. त्या दिवसापासून दादांची तक्रार बंद झाली.

१९७९ मध्ये घरात लूना आली ती काकूंसाठी. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, फिरोदिया कुटुंबाच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये ही ५० सी.सी.ची मोपेड आणली होती. सायकलसारखी पेडल असलेली आणि उचलून ओट्यावर ठेवता येईल इतकी हलकी ही गाडी साध्या नोकरदाराच्याही आवाक्यात होती. काकू मुलींच्या शाळेत शिकवत. गल्लीत गाडी चालवणारी ती पहिलीच सून. त्यामुळे सुरुवातीला ओट्याओट्यांवरून नजरा वळत. अण्णांनी त्यांना गाडी चालवायला शिकवण्यापूर्वी प्लग काढून घासायला शिकवले. पुढे वाटेत लूना बंद पडली की काकू कोणाचीही वाट पाहत नसत. प्लग पुसायचा, केसातल्या आकड्याने त्यावरचा कार्बन खरवडायचा आणि पेडल मारायचे. वर्षभरात शेजारच्या दोघी-तिघी त्यांच्याकडे लूना शिकायला येऊ लागल्या.

१९८१ साली अण्णांनी सोलापूरहून नवीकोरी येझदी आणली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली ही २५० सी.सी.ची गाडी. एकच सिलिंडर, पण सायलेन्सर दोन, दोन्ही बाजूंना एकेक. किकचा दांडा तोच गिअरचाही दांडा. किक मारून झाली की तो खाली वळवून गिअरसाठी वापरायचा. नवख्या माणसाला गाडी चालूच करता येत नसे, आणि चोरालाही, असे अण्णा हसून सांगत. तिचा भरीव, ठोक्याठोक्याने उमटणारा आवाज बाजारपेठेत सर्वांच्या ओळखीचा झाला. अण्णांना त्या आवाजातला फरक केसाएवढा असला तरी कळे. सायलेन्सरमध्ये काजळी साठली की आवाज दबतो, पॉइंटमधले अंतर बिघडले की तो अडखळतो, साखळी सैल झाली की मागून कुजबुज येते. हे सारे ते गाडी चालवतानाच ओळखत आणि रविवारची कामे ठरवत.

या काळातली बजाज चेतकची नोंद घरात अजून सांगितली जाते. स्कूटरसाठी तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. दादांनी लावलेला नंबर १९८४ मध्ये आला, तेव्हा घरात येझदी होती आणि स्कूटरची निकड उरलेली नव्हती. गाडी दारात येण्याआधीच वरचे पैसे देऊन नंबर मागणारी माणसे दुकानात येऊन गेली. व्यवहार तसा रूढच होता. दादा म्हणाले, “रांगेत आपल्या मागं उभा आहे त्याच्या खिशातूनच हे वरचे पैसे येणार. नको.” स्कूटर घरात राहिली. मागे बसून बाजार समितीत जाताना दादा तिच्या स्टेपनीवर एक हात ठेवत, ती सवय त्यांना शेवटपर्यंत होती.

१९८८ मध्ये घेतलेल्या हिरो होंडा सी.डी. १०० ने अण्णांना कोड्यात टाकले. ९७ सी.सी.चे फोर-स्ट्रोक इंजिन. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळणे नाही, धूर नाही. अण्णांनी टाकी तीनदा भरून तीनदा हिशेब केला आणि लिटरला सत्तरच्या पुढे किलोमीटर लिहिले. व्यापारी म्हणून त्यांना ही गाडी पटली. दुरुस्तीचा रकाना मात्र महिनोन्महिने रिकामा राहू लागला, तेव्हा रविवारी काय करावे हा प्रश्न पडला. “या गाडीला माणूस लागत नाही,” असे ते काकूंना म्हणाले आणि फडके घेऊन येझदीपाशी जाऊन बसले.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून गावे उशिरा झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धाराशिवात घरे हादरली आणि फळीवरची भांडी खाली आली. उजाडेपर्यंत किल्लारी आणि सास्तूर ही नावे तोंडोतोंडी झाली. किल्लारी लातूर जिल्ह्यात. सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यात, म्हणजे धाराशिवच्याच जिल्ह्यात. अण्णांच्या दुकानाची तिथे बावीस खाती होती. त्यांनी येझदी काढली, मागे धाकट्या भावाला बसवले, दोघांच्या मध्ये बिस्किटांचे पुडे आणि पाण्याचा कॅन बांधला आणि नळदुर्गमार्गे निघाले.

ज्या घरांच्या ओसरीवर बसून अण्णांनी वर्षानुवर्षे चहा घेतला होता, ती घरे उरली नव्हती. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद ही या भागातली बांधणी. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच माळवद झोपलेल्या माणसांवर आले होते. लोक हातांनी, टिकावांनी, घमेल्यांनी माती उपसत होते. अण्णांची गाडी गावात शिरली तेव्हा ढिगावरचा एक माणूस दोन्ही हात वर करून ओरडला, “गाडी बंद करा! ऐकू द्या!”

अण्णांनी चावी फिरवली. रस्त्यावरच्या इतर गाड्याही एकेक करून बंद झाल्या. माणसे ढिगांवर पालथी पडून कान लावत होती. अण्णांनी गाडीच्या पेटीतला लांब पेंचकस काढला, एका फटीतून दगडावर टेकवला आणि मुठीला कान लावला. काहीच ऐकू आले नाही. दुसऱ्या ढिगावर गेले, तिसऱ्यावर गेले. चौथ्या घराचा मालक त्यांच्या ओळखीचा होता. तिथे ते बराच वेळ बसून राहिले. भावाने खांद्याला धरून उठवले तेव्हा पाऊस सुरू झाला होता.

त्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून जवळपास दहा हजार माणसे गेली. अण्णा पुढचे अकरा दिवस रोज सास्तूर, होळी, पेठसांगवी या गावांत जात राहिले. कधी औषधे, कधी चादरी, कधी नातेवाइकांच्या चिठ्ठ्या. गाडीखात्यात या अकरा दिवसांच्या तारखा एकाखाली एक लिहिलेल्या आहेत. पुढचे रकाने मोकळे आहेत. पेट्रोल कितीचे लागले, हे अण्णांनी कधीच लिहिले नाही. दादांनी दुकानाची खतावणी उघडून त्या गावांच्या खात्यांवर आडव्या रेघा मारल्या आणि वही मिटवली.

त्यानंतरही गाड्या येत-जात राहिल्या. मध्यंतरी तीन वर्षे डिझेलवर चालणारी एक मोटारसायकल होती. खर्चात ती सर्वांत स्वस्त आणि आवाजात सर्वांत दांडगी. अण्णा दोन गल्ल्या पलीकडे असतानाच काकू चहाचे आधण ठेवत. मग मुलाच्या गाड्या आल्या. १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बुरेटर गेला. पेट्रोल किती सोडायचे हे आता संगणक ठरवू लागला. बिघाड शोधायला मिस्त्री कान न लावता यंत्राची वायर जोडतात आणि पडद्यावरचा आकडा वाचतात. २०२४ मध्ये लूनाही विजेवर चालणारी होऊन परत आली. मुलाने दुकानासाठी एक घेतली. अण्णा तिच्याभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, “हिचं काही दुखलं तर कळणार कसं?” मुलगा हसला. पण तोवर घरात सर्वांच्या लक्षात आले होते की, आवाज असलेल्या गाडीचे दुखणेही अण्णांना पूर्वीसारखे कळत नव्हते.

सुरुवात बारीक आवाजांपासून झाली होती. पाखरे ऐकू येईनात, मग कुकरची शिट्टी, मग पाठीमागून मारलेली हाक. २०२२ मध्ये मुलाने त्यांना सोलापूरला कानाच्या डॉक्टरांकडे नेले. चारही बाजूंनी बंद असलेल्या लहानशा खोलीत बसवून त्यांच्या कानांवर हेडफोन लावले आणि हातात एक बटण दिले. “आवाज ऐकू आला की बटण दाबायचं,” असे सांगून दार लावून घेतले. अण्णा बटणावर अंगठा ठेवून बसून राहिले. बाहेर आल्यावर ते मुलाला म्हणाले, “सास्तूरला असंच झालं होतं.” मुलाला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. घरी आल्यावर त्याने काकूंना विचारले.

कानाचे यंत्र मिळाले. माणसे पुन्हा ऐकू येऊ लागली. पण यंत्र सगळेच आवाज सारखे मोठे करी. साखळीची कुजबुज कोणती आणि वाऱ्याची कोणती, हे अण्णांना वेगळे करता येईना. मुलाने दोनदा चावी मागितली. दोन्ही वेळा अण्णा चिडले. “पन्नास वर्षांत एकदाही पडलो नाही,” असे म्हणाले आणि ते खरेच होते.

२०२४ च्या उन्हाळ्यात ते येझदीवरून तुळजापूरकडे निघाले होते. एका वळणावर उजव्या हाताला अगदी लागून एक मालट्रक पुढे गेला. त्याने बराच वेळ हॉर्न दिला असणार, कारण पुढे थांबून चालकाने खाली उतरून हात जोडले आणि काहीतरी विचारले. अण्णांना त्याचे ओठ हलताना दिसले. त्यांनी गाडी लिंबाखाली लावली, घोटभर पाणी प्यायले आणि परत फिरून अगदी सावकाश घरी आले. दुकानात जाऊन त्यांनी चावी गल्ल्यावर ठेवली. मुलगा काही बोलणार, तेवढ्यात म्हणाले, “आज चूक माझी होती. त्याच्या जागी दुसरा असता तर त्याला आयुष्यभर माझं ओझं झालं असतं.” त्या दिवसाच्या नोंदीत एवढेच शब्द आहेत: चालवणे बंद.

येझदी आच्छादनाखाली गेली. जुन्या येझदीला आता चांगली किंमत येते. एक गिऱ्हाईक दोनदा येऊन गेले. अण्णांनी “विका” म्हटले नाही आणि “नको” असेही म्हटले नाही. मुलाने दिवाळीनंतर बघू असे सांगून ठेवले.

दिवाळीच्या सुट्टीत सोलापूरला शिकणारी नात घरी आली. वही पाटावर ठेवण्याआधी तिने ती चाळली आणि विचारले, “अण्णा, ही चालू करू या?” जुने पेट्रोल काढून टाकले, कार्बुरेटर धुतला, प्लग घासला. चौथ्या किकला येझदी बोलली. अण्णांनी इंजिनावर तळहात ठेवला. दहा मिनिटांनी गाडी आचके देऊन बंद पडली. गार झाल्यावर पुन्हा चालू झाली, आणि पुन्हा तेच.

अण्णांनी पेटीतला लांब पेंचकस काढून नातीच्या हातात दिला. “इथं टेकव. मूठ कानाला लाव. काय ऐकू येतं ते सांग.”

“ठोके येताहेत. सारखे.”

“खरखर आहे? आत काही घासतंय?”

“नाही. स्वच्छ आहे.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “आता गरम झालीय. मध्येच एक ठोका गळतोय. परत गळला.”

“गळतो म्हणजे दबतो, की असतच नाही?”

तिने डोळे मिटले. “असतच नाही.”

“झाकण काढ आणि पॉइंटकडे बघ. ठिणगी केवढी उडते?”

“मोठी आहे. पिवळी.”

“कंडेन्सर,” अण्णा म्हणाले. “गार असताना काम करतो, तापला की सोडून देतो. इंजिन चांगलं आहे.”

दुसऱ्या दिवशी तिने सोलापूरहून कंडेन्सर आणला आणि अण्णांनी सांगितल्याप्रमाणे स्वतःच बसवला. गाडी अर्धा तास चालू ठेवून तिने पुन्हा पेंचकसाला कान लावला आणि एकही ठोका गळत नसल्याचे सांगितले. वहीत नोंदही तिनेच केली: कंडेन्सर, एक नग. गाडीखात्यात दुसऱ्या कोणाचे अक्षर पहिल्यांदाच उमटले. गिऱ्हाइकाला मुलाने फोन करून नाही म्हणून कळवले.

सायंकाळच्या जेवणाआधी नात डोक्याला हेल्मेट बांधून येझदी घेऊन निघाली. अण्णा आणि काकू ओट्यावर उभे होते. गाडी गल्लीच्या टोकाला वळली आणि दिसेनाशी झाली. अण्णा तिकडेच पाहत राहिले.

“आवाज येतोय का अजून?” त्यांनी विचारले.

काकूंनी कान दिला. “येतोय,” त्या म्हणाल्या.